मागे इंजिन असलेली गाडी आणि तिच्याखाली शिरणारा माणूस

पेटची तयारी करणारे, सिनॉप्सिसच्या मागे लागलेले बरेच जण एकच तक्रार करतात: विषय सापडत नाही. माझं मत असं की विषय सापडत नाही, कारण आपण तो फार वर शोधतो. आज आपण जरा खाली बघू, अगदी गाडीच्या खाली. वस्तू आहे जॅक. आणि प्रश्न असा: ज्या गाडीचं इंजिन मागे आहे ती घरच्या अंगणात उचलायची झाली, तर तिला कुठे धरायचं, कशावर ठेवायचं, आणि हे शहाणपण लोकांकडे आलं कुठून?

आता तुम्ही म्हणाल, मागे इंजिन असलेली जुनी स्पोर्ट्स कार, म्हणजे पोर्शे ९११ वगैरे, चंद्रपूर-गडचिरोलीत कोणाच्या दारात उभी आहे? विषय तिथेच थांबत नाही. आपल्या रस्त्यांवर मागच्या इंजिनाच्या गाड्या रोज धावतात. बजाजच्या ऑटोवर 'आरई' लिहिलेलं असतं, ती अक्षरं 'रिअर इंजिन'ची, म्हणजे मागचं इंजिन. दुसरी टाटा नॅनो. तिची बांधणी वजनाच्या हिशेबाने ९११ च्या कुळातली आहे, वेगाच्या हिशेबाने अर्थात नाही! म्हणून ९११ हा आपला नीट नोंदलेला नमुना, आणि नॅनो व ऑटो हे आपल्या जिल्ह्यांतले त्याचे गरीब नातेवाईक, असं धरून पुढे जाऊ.

इंजिन मागे का नेलं, हे आधी थोडक्यात. १९३४ मध्ये चेकोस्लोव्हाकियात हान्स लेडविंका यांची टाट्रा ७७ आली. त्यानंतर जर्मनीची फोक्सवॅगन बीटल, फ्रान्सची रेनॉ ४सीव्ही, इटलीची १९५५ ची फियाट ६०० आणि १९५७ ची फियाट ५००, अशी रांगच लागली. कारण सरळ होतं. इंजिन मागच्या चाकांजवळ ठेवलं की पुढून मागे जाणारा लांब शाफ्ट लागत नाही, बसायला सपाट जागा मिळते, आणि चिखलात किंवा चढावर चालणाऱ्या चाकांवर वजन राहतं. आपल्या महाराष्ट्रातही इचलकरंजीच्या बाजूला शंकरराव कुलकर्णी यांनी 'मीरा' नावाची छोटी गाडी याच कल्पनेवर बनवली होती. तिचं इंजिनही मागेच होतं. ती कारखान्यातून विक्रीला कधी आली नाही. तिच्यावर नीट संशोधन व्हायला हवं, पण तो वेगळा विषय.

आता ९११ कडे वळू. ही गाडी सप्टेंबर १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ९०१ या नावाने दाखवली गेली. पोजोने नावाला हरकत घेतली आणि पुढच्या वर्षी ती ९११ झाली. ही कथा सगळ्या पुस्तकांत मिळते. संशोधक म्हणून तुम्हाला जास्त उपयोगाची गोष्ट पुस्तकात नाही, गाडीच्या अंगावर आहे. जुन्या ९११ ला दाराखालच्या पट्टीत, दर बाजूला एकच, जॅक अडकवायची नळी आहे. एकच! तिथे जॅक लावला की त्या बाजूची पुढची आणि मागची अशी दोन्ही चाकं उचलली जातात. बीटललाही दर बाजूला एकच जागा, मागच्या चाकाच्या अलीकडे. ही नळी म्हणजे कारखान्याने लोखंडात लिहून ठेवलेलं विधान आहे: 'आमच्या गाडीचं वजन इथे तोललं जातं.' दस्तऐवज कागदाचाच असतो असं मानायची सवय आपल्याला विद्यापीठं लावतात. वस्तूही बोलते, फक्त तिला प्रश्न विचारावा लागतो.

त्या विधानाला आणखी साक्षीदार आहेत. सुरुवातीच्या ९११ मध्ये पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांना सुमारे ११ किलोचे ओतीव लोखंडाचे तुकडे लपवलेले होते. पुढे १९६९ च्या मॉडेलपासून मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे सरकवली. दोन्ही उपाय एकाच दुखण्यावरचे: मागे वजन फार, पुढे कमी. नॅनोकडे बघा. पुढचे टायर १३५ रुंदीचे, मागचे १५५ चे. कंपनीने माहितीपत्रक छापलं नसतं तरी टायर मोजून तुम्हाला कळलं असतं की भार कुठे आहे.

आता थोडं गणित. घाबरू नका, दहावीचं आहे. समजा गाडी १००० किलोची, दोन आसांमधलं अंतर २.२ मीटर आणि ६० टक्के वजन मागच्या चाकांवर. मग गुरुत्वमध्य पुढच्या आसापासून १.३२ मीटरवर येतो, म्हणजे मधल्यापेक्षा बराच मागे. समजा तुम्ही इंजिन उतरवायला गाडी उचलली. इंजिन २०० किलोचं, मागच्या आसाच्याही ३५ सेंटिमीटर मागे लटकलेलं. ते काढलं की उरलेल्या ८०० किलोंचा गुरुत्वमध्य सुमारे १.०१ मीटरवर येतो. एका फटक्यात ३० सेंटिमीटर पुढे! गाडी जर १.२ मीटरच्या आसपास टेकवलेली असेल, तर सकाळी ती शेपटीकडे झुकत होती आणि दुपारी, इंजिन काढल्यावर, ती नाकावर पडू शकते. कोणी धक्काही न देता. पुढे इंजिन असलेल्या गाडीतही इंजिन काढलं की वजन सरकतं, पण आपल्याकडच्या मिस्त्रींच्या हाताला ते सरकणं ओळखीचं असतं. इथे ते उलट दिशेने होतं.

दुसरा मुद्दा ब्रेकचा, आणि घरी काम करणाऱ्यासाठी हाच सगळ्यात महत्त्वाचा. साधारण गाडीचा हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो. मारुती ८०० सारख्या गाडीत गिअर पुढच्या चाकांना धरतो. म्हणजे मागचं उचला किंवा पुढचं, एक काहीतरी पकड शिल्लक राहते. मागच्या इंजिनाच्या गाडीत हँडब्रेकही मागे आणि गिअरही मागे. मागची दोन्ही चाकं हवेत गेली की दोन्ही पकडी एकदमच गेल्या. तुम्ही हँडब्रेक कितीही ओढा, पुढची दोन चाकं मोकळी फिरतात. ॲम्बेसिडरमध्येही हे होत होतं, पण तिथे पुढच्या चाकांवर इंजिनाचं ओझं बसलेलं असे. इथे पुढचं टोक हलकं असतं, त्यामुळे चाकाला लावलेला दगडसुद्धा सहज घसरतो.

आता यातला इतिहास बघा. स्वातंत्र्यानंतरची तीसेक वर्षं आपल्या गॅरेजांत आल्या त्या ॲम्बेसिडर आणि फियाट ११००, दोन्हींचं इंजिन पुढे. १९८३ मध्ये मारुती ८०० आली, तिचंही पुढे, शिवाय पुढचीच चाकं चालणारी. गाडी कशी उचलायची याची हाताची सवय या गाड्यांवर घडली. मागच्या इंजिनाशी ओळख होती ती ऑटोवाल्यांची, आणि ऑटोवाला बऱ्याचदा जॅक वापरतच नाही. दोघंतिघं मिळून ऑटो एका अंगावर कलती करतात, खाली लाकूड लावतात आणि काम उरकतात. ऑटो हलकी, तिला हे चालून जातं. मग जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात नॅनो दिसली, २००९ पासून रस्त्यावर आली, २०१८ मध्ये बंद झाली. सहाशे किलोच्या आसपासची, ६२४ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन मागे, दर चाकाला तीनच नट, आणि स्टेपनी पुढच्या बॉनेटखाली. जेमतेम दहा वर्षांत आली आणि गेली. तंत्रज्ञान बदललं, पण हाताची सवय बदलायला तेवढा वेळ मिळाला का, हा मला या सगळ्यातला खरा संशोधनप्रश्न वाटतो.

जॅककडे येऊ. स्क्रूचा जॅक फार जुना. तेलाच्या दाबावर चालणाऱ्याची मुळं इंग्लंडमध्ये: जोसेफ ब्रामा यांनी १७९५ मध्ये पाण्याच्या दाबाच्या प्रेसचं पेटंट घेतलं. न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजन यांनी १८५१ मध्ये हाताने उचलून नेता येईल अशा हायड्रॉलिक जॅकचं पेटंट घेतलं. या यंत्राचं सगळं बळ एका गोष्टीवर अवलंबून आहे, दट्ट्याभोवतीच्या सीलवर. तेल बाहेर येऊ न देणारी ती कडी. म्हणजे बाटली जॅकवर गाडी उभी करून तुम्ही खाली झोपता तेव्हा तुमच्या छातीवरचं पाच-सहाशे किलो वजन एका रबरी कडीने अडवलेलं असतं. कडी फाटली तर जॅक बसतो. कडी शाबूत असूनही गाडी सरकली तर जॅक कलंडतो, आणि हे जास्त वेळा होण्यासारखं आहे, कारण बाटली जॅकचा पाया तळहाताएवढा. गाडीसोबत मिळणारा जॅक पंक्चरसाठी असतो. चाक बदलताना माणूस गाडीच्या बाजूला बसतो, खाली नसतो. मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट छापलेलं असतं, आणि मॅन्युअल सापडतं ते डिकीत, न उघडलेलं.

उचलणं हे एक काम आणि उचललेलं तसंच धरून ठेवणं हे दुसरं. दुसरं काम करायला घोडी लागते, म्हणजे तीन किंवा चार पायांचा दात्यांचा स्टँड. घोडी ही अक्कल गॅरेजने नव्याने शोधली असं समजू नका. चंद्रपूरकरांना ती फार जवळून बघायला मिळते, कोळसा खाणीत. वरोऱ्याला सरकारी खाण १८७० च्या दशकात सुरू झाली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बल्लारपूरची. भूमिगत खाणीत छत तोलायला लाकडी खांब असतात, आणि जिथे भार जास्त तिथे आडवे-उभे ठोकळे एकावर एक रचून चौरस मनोरा करतात. त्याला खाणीत 'चॉक' म्हणतात, आणि हे काम करणाऱ्या कामगाराचं पदच 'टिंबरमन'. खाणीतलं छत कोणी जॅकवर ठेवून निघून जात नाही. तिथे छत ठोकून त्याचा आवाज ऐकायचीही पद्धत आहे: घट्ट छत वेगळं वाजतं, सुटलेलं पोकळ वाजतं. आता गॅरेजमधला चांगला वस्ताद बघा. गाडी घोडीवर बसवल्यावर खाली शिरण्याआधी तो तिला दोन्ही हातांनी हलवून बघतो. दोन्ही एकाच जातीचं ज्ञान आहे. ते एकाकडून दुसऱ्याकडे गेलं असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा लागतो. पण घुग्घुस, माजरी, दुर्गापूर या बाजूला खाणीत काम केलेले आणि पुढे गॅरेज टाकलेले लोक भेटले, तर विचारायला काय हरकत आहे?

घोडीलाही डोळे झाकून मान देऊ नका. २०२० मध्ये अमेरिकेत एका मोठ्या दुकानसाखळीने लाखो घोड्या परत मागवल्या. कारखान्यातले साचे झिजल्यामुळे दात्यात खिटी नीट बसत नव्हती आणि भाराखाली घोडी अचानक खाली येऊ शकत होती. कहर म्हणजे बदली दिलेल्यांपैकी काहींचं वेल्डिंग सदोष निघालं, त्याही परत मागवाव्या लागल्या. म्हणून जुने लोक काढलेलं चाक गाडीच्या पट्टीखाली आडवं सरकवून ठेवतात ते बरोबर आहे. घोडी बसलीच तर गाडी चाकावर अडते आणि माणसाला श्वास घ्यायला जागा उरते.

घरी टेकू म्हणून काय वापरतात? विटा. आणि चंद्रपुरात विटा म्हटल्या की राखेच्या विटा, कारण २९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र शेजारी आहे आणि राखेला तोटा नाही. भिंतीसाठी उत्तम. गाडीखाली नको. भिंतीत वीट सगळीकडून सारखा भार घेते, गाडीखाली लोखंडाची एक धार तिच्या मध्यावर बसते. वीट वाकून इशारा देत नाही, ती फुटते. पोकळ सिमेंटचे ठोकळे तर त्याहून वाईट. लाकूड मात्र फुटण्याआधी दबतं, करकरतं. खाणीत लाकूड इतकी वर्षं टिकलं त्यामागे हेही एक कारण आहे. आपण आलापल्लीच्या सागवानाच्या मुलखात राहतो, तेव्हा लाकडाची उणीव नाही. (सागवान वापरलंत तर पावती जवळ असू द्या, नाहीतर गाडीपेक्षा मोठं प्रकरण खाली येईल.) ठोकळे रचायचे ते खाणीसारखे, एक थर आडवा, एक उभा. उंची पायाच्या रुंदीपेक्षा वाढवू नये, असं मी धरतो.

आणि जमीन. वरोरा, भद्रावती, राजुऱ्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावर घोडीचे बारके पाय सरळ आत जातात. गडचिरोलीकडच्या सारवलेल्या अंगणात किंवा मुरमावर आणखी एक घोटाळा होतो. चाकांचा ट्रॉली जॅक वर जाताना त्याचा हात गोलाईत फिरतो, म्हणून जॅकला थोडं पुढे सरकावं लागतं. मुरमात त्याची चाकं रुतली की जॅक सरकत नाही, मग तो गाडीलाच आपल्याकडे ओढतो. आणि हे ओढणं नेमकं तेव्हा होतं जेव्हा मागची चाकं हवेत जात असतात आणि हँडब्रेक निकामी झालेला असतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या वर गेला की डांबरही मऊ पडतं. त्यामुळे खाली जाड, रुंद फळी हवीच. सपाट काँक्रीटवर काम असेल तर सगळ्यात बरं.

म्हणून घरी मागच्या इंजिनाची गाडी मागून उचलायची झाली तर क्रम असा ठेवा. आधी पुढच्या दोन्ही चाकांना, पुढून आणि मागून, पाचरी ठोका, दगड नको. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. जॅक इंजिनाच्या तळाला लावू नका, जुन्या बीटल आणि ९११ मध्ये तो हलक्या मिश्रधातूचा असतो आणि तडकतो. मॅन्युअलमध्ये दाखवलेली जागा धरा, पण गाडी चाळीस-पन्नास वर्षांची असेल तर ती जागा आधी हातोडीने हळूच ठोकून बघा. पाणी नेमकं तिथेच साचतं, आणि रंगाखाली नुसता गंज उरलेला असू शकतो. एकदम एका बाजूला फूटभर उचलू नका. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, दर टप्प्याला घोडी एक दात वर. मग जॅक सोडून भार घोडीवर येऊ द्या आणि गाडी हलवून बघा. इंजिन काढायचं असेल तर पुढेही आधार द्या, ते ३० सेंटिमीटरचं गणित आठवून. नुसतं ऑइल बदलायचं असेल तर खरं सांगू का, गॅरेजच्या खड्ड्यावर गाडी न्या. तिथे वजन चाकांवरच राहतं.

खाली उतरवताना बीटलसारख्या गाड्या एक गंमत करतात. त्यांच्या मागच्या आसाचे दोन तुकडे मध्यातून झुलतात. गाडी उचलली की चाकं लोंबकळून आत वळतात, आणि खाली ठेवल्यावरही काही वेळ तशीच तिरकी राहतात. गाडी उंच, अरुंद पायांवर उभी असते. चार पावलं पुढे-मागे ढकलली की बसते. हाच झुलता आस अमेरिकेच्या सुरुवातीच्या शेव्हरोले कॉर्व्हेअरमध्ये होता. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांनी वाहनसुरक्षेवरच्या आपल्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण तिच्यावर लिहिलं. त्या पुस्तकाने गाडीत बसणाऱ्याच्या जिवाची चर्चा जगभर नेली. गाडीखाली झोपणाऱ्याची चर्चा मात्र कुठल्या अभिलेखागारात शोधायची?

इथे आपण मूळ अडचणीवर येतो. गॅरेजमध्ये गाडीखाली शिरतो तो बहुधा सगळ्यात लहान, कारण तो मावतो. वस्ताद वरून पाना देतो, पोऱ्या खालून नट फिरवतो. १९८६ च्या बालकामगार कायद्याच्या धोकादायक कामांच्या यादीत पुढे मोटार दुरुस्तीही घातली गेली, म्हणजे सरकारदरबारी एवढं तरी मान्य झालं. पण एखादी गाडी जॅकवरून घसरली आणि कोणाचा हात गेला, तर त्याची नोंद कशात होते? गाडी रस्त्यावर चालत नव्हती, तेव्हा तो रस्ता अपघात नाही. गॅरेज कारखान्याच्या व्याख्येत बसत नसेल, तर तो कारखान्यातला अपघातही नाही. खाणीत छत पडलं तर चौकशी होते, अहवाल होतो, आणि तो अहवाल पुढे तुमच्यासारख्याला वाचायला मिळतो. अंगणात गाडी पडली तर फार तर पोलीस ठाण्यातली आकस्मिक मृत्यूची एक नोंद आणि रुग्णालयाचा कागद.

त्यामुळे या विषयावर काम करायचं तर मुलाखतींना पर्याय नाही. पण मुलाखतीला जाऊन 'तुमच्याकडे अपघात झाला का हो काका?' असं विचारलंत, तर उत्तर नेहमी 'नाही' येईल. त्याऐवजी विचारा, गॅरेजमध्ये पहिली घोडी कधी आली, कोणी आणली, त्याआधी गाडी कशावर ठेवत होतात. मग विचारा, ती घोडी नेमकी त्याच वर्षी का घेतली. आणि मग वही मिटून थोडा वेळ गप्प बसा.